सांता गर्ट्रूडिस: ३/८ आणि ५/८ चा हिशोब कसा बसतो?

माळरान:
टेक्सासच्या सांता गर्ट्रूडिस या मांसासाठीच्या गाईंच्या जातीत ३/८ ब्राह्मण (वशिंडवाली जात) आणि ५/८ शॉर्टहॉर्न (युरोपीय जात) रक्त असतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. अर्धं आणि पाव कळतं, पण तीन अष्टमांश कसं आणतात? आणि पुढे आपसात लावत गेलं तरी संकराचा जोम (दोन जाती मिसळल्यावर वासरात येणारी जादा ताकद) टिकतो का? वळू निवडताना काय बघायचं तेही सांगा.

खुराक:
वासराला आईकडून निम्मं आणि बापाकडून निम्मं येतं. म्हणून दोघांचं प्रमाण मिळवा आणि अर्धं करा. शॉर्टहॉर्न गाईला ब्राह्मण वळू लावला की कालवड १/२ ब्राह्मण. तिला पुन्हा शॉर्टहॉर्न लावला की १/४. या १/४ गाईला १/२ वळू लावला की बेरीज ३/४, तिचं निम्मं ३/८. जवळची वाटही आहे: ३/४ ब्राह्मण गाईला थेट शॉर्टहॉर्न.

पण जात घडली ती आधी गणित मांडून नव्हे. रिचर्ड किंग यांनी १८५३ मध्ये सुरू केलेल्या किंग रँचवर शॉर्टहॉर्नला दक्षिण टेक्सासचा उन्हाळा झेपत नव्हता, म्हणून ब्राह्मण वळू आणले. १९२० मध्ये 'मंकी' नावाचा गडद लाल वळू जन्मला आणि त्याच्याच मुला-नातवंडांवर जातीचा साचा बसला. १९४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. ३/८ हा आकडा अंदाजे आहे, प्रत्येक जनावरात तंतोतंत तेवढंच असेल असं धरू नका.

ब्राह्मण म्हणजे भारतातली एखादी जात नव्हे हेही लक्षात घ्या. गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या सांगली-बेळगाव पट्ट्यातली कृष्णा खोरे, यांच्या मिश्रणातून ती अमेरिकेत घडली.

दावण:
जोमाबद्दल: पहिल्या संकरात जो जोम मिळतो तो १०० धरा. ३/८-५/८ जनावरं आपसात लावत गेलं की वासराला आई-बाप दोघांकडून एकाच जातीचा अंश मिळण्याची शक्यता (३/८ × ३/८ आणि ५/८ × ५/८) वजा होते, आणि त्यातला १ − (९/६४ + २५/६४), म्हणजे सुमारे ४७ टक्केच उरतो. आपसातल्या पहिल्या पिढीत तो इथवर उतरतो आणि पुढे स्थिर राहतो, पिढीगणिक घसरत नाही. त्यानंतर घसरण झालीच तर ती जवळच्या नात्यात लावल्यामुळे होते. एकाच वळूच्या मुली परत त्याच्याच वंशात गेल्या की गाभण राहण्याचं प्रमाण आणि वासरांची वाढ आधी मार खाते. तेव्हा वंशावळ नोंदवाच.

माळरान:
मग दर वेळी पहिला संकरच का नको? ४७ वर समाधान कशाला?

दावण:
कारण त्यासाठी दोन शुद्ध कळप कायम सांभाळावे लागतात. स्थिर जातीत एकच कळप, कालवडी घरच्याच, वळूही त्याच जातीचा. मोठ्या कुरणावर या सोयीची किंमत फार आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले त्रिवेणी (५०% होल्स्टिन, २५% जर्सी, २५% गीर) दुधासाठी आहे, पण ठरावीक प्रमाणात रक्त मिसळण्याचा विचार तोच.

खुराक:
एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. शॉर्टहॉर्न किंवा अँगस (तीही युरोपीय जात) गाईवर ब्राह्मण वळू लावला तर वासरू वजनदार होतं, विशेषतः खोंड, आणि पहिलारू गाय विताना अडते. उलट ब्राह्मण गाईवर युरोपीय वळू लावला तर वासरू लहान आणि वेत सोपं. म्हणून पहिलारूवर ब्राह्मण वळू टाळा. गाभणकाळही लांबतो, ब्राह्मणचा साधारण २९२ दिवस, अँगसचा २८२ च्या आसपास. वेताची तारीख मोजताना हे धरा.

गोचीडमुक्त:
वळू बघताना सैल कातडी चांगली, गरमीत कामाची. आखूड, गुळगुळीत केसही हवेत. पण पोटाखालची कातडी अति लोंबती नको. मागच्या पायाच्या ढोपरापासून पुढच्या गुडघ्यापर्यंत रेषा कल्पा. शिस्नाच्या आवरणाचं तोंड त्या रेषेच्या वर हवं. खाली गेलं की काटेरी झुडपात ते फाटतं, सुजतं, आतली नाजूक त्वचा बाहेरच राहते आणि वळू कामातून जातो. बिनशिंगी वळूत ही त्वचा आत ओढणारा स्नायू बऱ्याचदा कमकुवत असतो, म्हणून तिथे दुप्पट काळजी घ्या. वळू उभा असताना आणि चालताना, दोन्ही वेळा खाली वाकून बघा.