बी कधी टाकता? तुमच्या गावची थंडी, तुमचे फसलेले ट्रे

मंडळी, मी मूळची सांगलीकडची. आमच्याकडे संक्रांत झाली, थंडी ओसरायला लागली की आई वाफ्यात भेंडी-गवार टोचायची. तोच हिशोब डोक्यात धरून इथे न्यू जर्सीत पहिल्या वर्षी मी संक्रांतीच्या आठवड्यात खिडकीत ट्रे मांडले आणि टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, दुधी सगळं एकदमच लावून मोकळी झाले. उगवलं की मस्त, घरात हीटर ना! मार्चमध्ये दुधी पडद्याच्या दांडीवर चढला, टोमॅटो फूटभर लांब आणि उदबत्तीसारखे बारीक, आणि बाहेर बर्फ. नवरा म्हणे आता हॉलमध्येच मांडव घाल. मे येईपर्यंत निम्मी रोपं गेली. तर कोण कुठे राहता, काय कधी लावता ते लिहा, आणि फसलेलं आधी लिहा.

न्यू जर्सी, १२ वर्षं
अगं संक्रांत नको धरूस, उलटं मोज. आपल्याकडे शेवटचा फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठून रोपं मारणारी रात्र, एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत कधीही पडतो, म्हणून आम्ही मदर्स डे म्हणजे मेचा दुसरा रविवार पक्का धरतो. तिथून मागे मिरची-वांगी ८ ते १० आठवडे, टोमॅटो ६ ते ८, आणि दुधी, काकडी, दोडका फक्त ३, तेही कागदी कपात कारण त्यांच्या मुळांना हात लागलेला खपत नाही. भेंडी मी आत लावतच नाही, मेच्या शेवटी माती गरम झाली की रात्रभर भिजवलेलं बी थेट जमिनीत. मटार, पालक, मेथीला यातलं काही लागू नाही, मार्चच्या मध्यानंतर माती फावड्याला सुटली की टाकून द्यायचं.
आणि ते अमेरिकेच्या बागकामाच्या नकाशातल्या झोनचं खूळ! झोन फक्त हिवाळ्यात पारा किती खाली जातो तेवढंच सांगतो. नकाशात सिअ‍ॅटल आणि ह्यूस्टन जवळजवळ एकाच रंगात दिसतात, पण ह्यूस्टनला टोमॅटो मार्चमध्ये जमिनीत जातो आणि सिअ‍ॅटलला मेच्या मध्याआधी लावलात तर रडत बसतो.
फसलेलं म्हणशील तर वाल. देशी वालाचा वेल कुंपणभर पसरला, शेजारी फोटो काढून गेले, पण फूल नाही. त्याला दिवस लहान झाल्याशिवाय फुलायचंच नसतं, सप्टेंबरात तुरे आले आणि चार शेंगा धरतायत तोवर थंडी. लवकर पेरून याला काही उपयोग नाही, लवकर फुलणारं वाण शोधावं लागतं.

मिनेसोटा
आमच्याकडे मेच्या शेवटच्या सोमवारची सुट्टी झाल्याशिवाय वांगी बाहेर नाहीत. एका वर्षी १५ मेला हवा इतकी छान होती की राहवलं नाही. फ्रॉस्ट पडलाच नाही बरं का, रात्री ४ सेल्सियस झालं एवढंच, पण वांगी जी रुसली ती जुलैपर्यंत. शेजारणीने १ जूनला लावलेली माझ्या पुढे गेली. शिवाय घरातली रोपं थेट उन्हात ठेवली तर पानं पांढरी पडतात, आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं वाढवत न्यावं लागतं. आणि ट्रेवरचं प्लास्टिक कोंब दिसल्याबरोबर काढा, मी विसरले तर दोन दिवसांत सगळ्यांनी बुडापाशी माना टाकल्या.

लंडन
इथे थंडीपेक्षा उजेडाचा दुष्काळ. मिरची फेब्रुवारीत लावते कारण ती आळशी, टोमॅटो मार्चच्या मध्यानंतरच, नाहीतर वरच्या उदबत्त्या होतात. भेंडी दोनदा जूनमध्ये लावली, वीतभर झाली आणि थांबली. सोडून दिली. मेथी मात्र झकास.

फिनिक्स, अ‍ॅरिझोना
तुमचं वाचून हसू येतंय, आमची शर्यत उन्हाशी. टोमॅटोचं बी डिसेंबरात आत, रोपं फेब्रुवारीच्या मध्यानंतर बाहेर, कारण मेच्या शेवटी ४० झालं की फुलं नुसती गळतात. एप्रिलमध्ये नर्सरीतून सुंदर रोपं आणली होती, एक टोमॅटो नाही! गवार, चवळी, भेंडी खुशाल असतात.

नागपूर
फिनिक्सवाल्या ताई, तुम्ही आमच्याच गल्लीतल्या. पण आपल्याकडेही थंडी नडते हो. गच्चीवर १० जानेवारीला भेंडी टोचली, रात्रीचा पारा ९-१०, निम्मं बी कुजलं, उरलेलं तीन आठवड्यांनी आलं. त्याच पाकिटातलं बी १० फेब्रुवारीला लावलं तर सहाव्या दिवशी वर. मार्चच्या मध्यात हिरवी नेट बांधतो, काकडी मे लागायच्या आत खाऊन संपवायची.

सावंतवाडी
आमच्याकडे थंडीची चिंता नाही, पाण्याची. भात कापलं की जमिनीतल्या ओलीवर चवळी, कुळीथ. बाकी लाल माठ, वांगी किती वाफे करायचे ते मार्चमध्ये विहीर कुठवर उतरते ते बघून.

मेलबर्न
आम्ही उलट्या गोलार्धात. बी ऑगस्टमध्ये आत, आणि टोमॅटो कुठल्या दिवशी लावायचा तर घोड्यांची रेस, मेलबर्न कप, नोव्हेंबरचा पहिला मंगळवार! इथले म्हातारे हेच सांगतात. मी घाई करून ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावून बघितलं, रोपं महिनाभर तशीच उभी.

धागा काढणारी
सगळ्यांचं वाचलं. मिरचीचं बी काढून ठेवलंय, पण मार्च लागेपर्यंत हात लावणार नाही, टोमॅटो त्यानंतर. आईला फोनवर सांगितलं की भेंडी मेच्या शेवटी टोचणार आहे, तर म्हणाली, "अगं, तोवर आमची उपटून गुरांना घालून होते."