धनुष्कोडीची रेल्वे परत टाकावी का?

भटक्या_सोलापूर: रामेश्वरला गेलेले आपले लोक जीपने बेटाच्या टोकाच्या धनुष्कोडीला जातात, पडक्या स्टेशनच्या भिंतीपुढे फोटो काढतात, शंखशिंपले घेतात आणि परत. काशीला न्यायची वाळूही बरेच जण तिथूनच उचलतात. पण हे स्टेशन काय होतं ते कुणाच्या गावीही नसतं. 1914 ला रामेश्वर बेटाला जोडणारा पांबनचा रेल्वे पूल झाला आणि मद्रासची बोट मेल थेट इथे यायला लागली, उतरलं की धक्क्यावर आगबोट उभी, पलीकडे श्रीलंकेतल्या तलाईमन्नारला परत रेल्वे, एकाच तिकिटावर कोलंबो! 2019 ला रामेश्वर-धनुष्कोडी 17 किमी लाईनचं भूमिपूजनही झालं, मग राज्य सरकार आडवं आलं आणि बारगळलं सगळं. माझं मत, लाईन व्हायलाच हवी.

खारा_वारा: कशाला पण? 22 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळात पांबनहून सुटलेली 653 नंबरची पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या तोंडाशी आली आणि लाटेने गिळली, शंभरावर माणसं गेली, विनातिकीट किती होते देव जाणे. दोन्हीकडे पाणी, मधे वाळूची पट्टी, तिथे रूळ टाकणार? वादळात मोडलेला पांबनचा पूल रेल्वेचे इंजिनिअर श्रीधरन यांनी 46 दिवसांत परत उभा केला, पण पुढची लाईन रेल्वेने सोडली ती सोडलीच.

भटक्या_सोलापूर: अहो तेव्हा आत्तासारखी इशारा द्यायची सोय कुठे होती, आता वादळ दोन-तीन दिवस आधी कळतं, गाडी रद्द करायची की झालं. कोकण रेल्वे नाही का पावसाळ्यात वेगळं टाईमटेबल लावत?

खारा_वारा: कोकण रेल्वेखाली कातळ आहे हो, इथे नुसती वाळू. आणि 2017 पासून पार टोकाच्या अरिचलमुनईपर्यंत डांबरी रस्ता आहे की.

मीटरगेज_प्रेमी: दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडताय. स्टेशन होतं ते बोटीसाठी. मेन लाईन पांबनहून सरळ धनुष्कोडीला जायची, रामेश्वरला फाटा होता! वादळानंतर बोट रामेश्वरहून सुटायला लागली तेव्हाच धनुष्कोडीचं काम संपलं, पुढे श्रीलंकेतल्या यादवीत ती बोटही बंद पडली. आता तलाईमन्नारची लाईन आपल्याच रेल्वेच्या इरकॉन कंपनीने 2015 ला परत बांधून दिलीय, म्हणजे पलीकडे स्टेशन तयार आणि मधे बोटच नाही. नुसत्या सेल्फीवाल्यांसाठी 17 किमी रूळ कोण टाकणार राव?

भटक्या_सोलापूर: मग बोट सुरू करा, लाईन आपोआप लागेल.

खारा_वारा: करा की, पण ती रामेश्वरहूनच करा. आणि स्टेशनच्या उरल्यासुरल्या भिंतींना आधी कुंपण घाला, लोक त्यावर चढून रील काढतात.