‘हास्यजत्रा’ खरंच ओसरली का?

तिसरी_घंटा
विशाखा सुभेदार गेली, मग गौरव मोरे गेला. आता सोनी मराठीवरच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या विनोदी कार्यक्रमात उरलाय तो आरडाओरडा. 2018 चे भाग काढून बघा. तेव्हा लोक स्किटला हसायचे, आता ओळखीचा चेहरा दिसला की हसतात. बंद करा हे!

पावशेर
‘बंद करा’ वाचलं आणि राहवलं नाही. सुरुवातीला ती स्पर्धा होती. गुण मिळवायचे म्हणून प्रत्येक स्किट शेवटच्या ठोक्यापर्यंत ताणलेलं असायचं. स्पर्धा सुटली आणि सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे या कर्त्या जोडीच्या हाताखाली एक नाटकमंडळीच उभी राहिली. नम्रता संभेरावचं लॉली हे पात्र घ्या, ती स्पर्धेत एकदा आली असती आणि विसरली गेली असती. गौरव ‘फिल्टरपाड्याचा बच्चन’ झाला तो पुन्हा पुन्हा दिसला म्हणून. समीर चौघुले नुसता येऊन उभा राहिला तरी हसू येतं, ही कित्येक वर्षांची कमाई आहे. तिला चेहरा म्हणून हिणवू नका.

तिसरी_घंटा
कमाई आहे, आणि तीच मोडून खाताहेत. मी एकांकिका लिहितो. अर्ध्या-पाऊण तासाचं लिखाण स्पर्धेला उभं करताना अख्खा पावसाळा जातो. इथे आठवड्याला भागांमागून भाग! शेवट सुचला नाही की सगळे मिळून ओरडतात.

सातारी_कंदी
झी मराठीवरच्या ‘चला हवा येऊ द्या’चं हेच झालं. त्यातलं थुकरटवाडी गाव काय रंगायचं! अरविंद जगतापांचं पत्र सागर कारंडे पोस्टमन होऊन वाचायचा तेव्हा आई डोळे पुसायची. पुढे दर आठवड्याला नवा सिनेमा, त्याची जाहिरात आणि कुणीतरी साडी नेसून. 2024 ला गाशा गुंडाळला. माझ्या मते साड्यांनीच घात केला.

वऱ्हाडी_ठेचा
साडीवर का घसरता? बालगंधर्व विसरलात? आमच्याकडे दंडार या लोकनाट्यात पुरुषच लुगडं नेसून नाचत आलेत. भाऊ कदमची शांताबाई बघून माझी आजी पोट धरून हसायची.

माजघर
बालगंधर्वांना यात ओढू नका. ते रंगभूमीवर आले तेव्हा घरंदाज बायकांना तिथे पाऊल ठेवता येत नव्हतं, आणि ‘मानापमान’ नाटकातली त्यांची भामिनी देखणी दिसायची. ‘हवा येऊ द्या’त श्रेया बुगडेसारखी नटी समोर हजर असताना पुरुष साडी नेसायचा, ती बाई बेंगरूळ दिसावी म्हणून. माझी मुलगी सावळी आणि अंगाने भरलेली आहे. वर्गातल्या मुलांनी टीव्हीवरच्या अशाच एका पात्राचं नाव तिला चिकटवलं. कार्यक्रम कोणता ते लिहीत नाही. तिने स्नेहसंमेलनात नाचणं सोडलं.

वऱ्हाडी_ठेचा
मुलीचं वाईट वाटलं, मनापासून. पण उद्या टकलावर हसू नका, परवा बोलीवर हसू नका. मग उरणार काय? भारत गणेशपुरे वऱ्हाडी बोलला तर मलाही राग यायला हवा का?

माजघर
गणेशपुरे स्वतःची बोली बोलतो, फरक तिथेच आहे! ‘हास्यजत्रा’तही वनिता खरातच्या अंगावर विनोद होतात, पण ती समोरच्याला सोलून काढते. साडीतल्या पुरुषाला ते कसं जमणार?

वऱ्हाडी_ठेचा
वनिताचं पटलं. शांताबाईचं नाही पटणार.

पावशेर
धागा साड्यांत गुंडाळला गेलाय. तिसरी_घंटा, इतक्या भागांचं ओझं लेखकांना झेपत नाही, एवढं मान्य करतो. चेहऱ्यांचं मान्य नाही.

तिसरी_घंटा
मग मीही ‘बंद करा’ मागे घेतो. भाग कमी करा. आणि परीक्षकांचं ते खिदळणं आधी कापा. स्किट चालू असताना कॅमेरा दर दोन वाक्यांनी त्यांच्याकडे वळतो आणि नटाने घेतलेला विराम वाया जातो.

सातारी_कंदी
परीक्षक सई ताम्हणकर आणि प्रसाद ओकच्या हसण्याला हात लावायचा नाही हं. आमच्या घरी ते हसले की मगच बाबा हसतात.