प्रतिसाद: बाहीवरच्या ताऱ्याचं काय घेऊन बसलात?

जर्मन नौदल अधिकाऱ्याच्या कोटाच्या बाहीवर सोनेरी पट्ट्यांच्या वर तारा आहे म्हणून तो कोट १९४५ पूर्वीचाच, हे वरचं म्हणणं पटलं नाही. कैसरच्या, म्हणजे १९१८ पर्यंतच्या जर्मन सम्राटाच्या, नौदलात तिथे मुकुट असे. तारा आला वायमार काळात (सम्राटानंतरचं, हिटलरपूर्वीचं जर्मन प्रजासत्ताक), आणि १९५६ नंतरच्या पश्चिम जर्मन नौदलानेही तोच ठेवला. गडद निळा, दुहेरी बटणांचा कोटही तसाच राहिला. त्यामुळे नंतरच्या स्वस्त कोटावर छातीला स्वस्तिकवाला गरुड शिवून ‘क्रीग्समरीन’चा (नाझी काळातल्या नौदलाचा) म्हणून खपवणं फार सोपं. अधिकारी कपडे खासगी शिंप्याकडून शिवून घेत, म्हणून आधी आतल्या खिशातली शिंप्याची चिठ्ठी शोधा. नाव-तारीख सापडली तर उत्तमच. गरुडाचा दोरा अतिनील दिव्याखाली लख्ख चमकला, तर तो बहुधा युद्धानंतरचा; व्यवहार सोडा. आणि हो, जर्मनीत स्वस्तिकाच्या जाहीर प्रदर्शनावर कायद्याने बंदी आहे, फोटो टाकताना झाकाच.