मदत हवी आहे: ज्युरी निवडताना लिहिलेल्या एका पिवळ्या चिठ्ठीचं काय करू?

नमस्कार मंडळी,

धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर प्रशासकांनी कृपया हलवावा. कायद्यासाठी वेगळा विभाग सापडला नाही.

कॅलिफोर्नियात लॉ स्कूलचं पहिलं वर्ष संपवून मी या उन्हाळ्यात एका पब्लिक डिफेंडर ऑफिसात इंटर्न आहे. ज्या आरोपींना वकील परवडत नाही त्यांचा बचाव करणारं हे ऑफिस. (आईला अजूनही वाटतं की मी 'सरकारी वकिलाकडे' काम करते. ते समोरच्या टेबलावर बसतात, हे चार वेळा सांगून झालंय.) एव्हिडन्स (पुराव्याचा कायदा) हा विषय अजून व्हायचाय, त्यामुळे कोर्टात तोंड उघडायची परवानगी नाही. पोलिसांच्या बॉडी कॅमेऱ्यातलं बोलणं ऐकून टाइप करायचं, साक्षीदार आधी काय म्हणाला आणि नंतर काय म्हणाला ते शेजारी शेजारी लावायचं, उलटतपासणीच्या फायलीला रंगीत टॅब चिकटवायचे, ही माझी कामं. कंटाळवाणी आहेत, पण जमतात.

अडलंय ते ज्युरी निवडीपाशी. इकडची पद्धत थोडक्यात सांगते. (ज्युरी म्हणजे आरोपी दोषी की नाही हे ठरवणारे सामान्य नागरिक.) कोर्टात बोलावलेल्या लोकांपैकी आधी बरेच जण अडचण सांगून सुटतात. भत्ता दुसऱ्या दिवसापासून रोज १५ डॉलर, त्यामुळे हातावर पोट असणारे बहुधा पहिल्याच दिवशी घरी जातात. उरलेल्यांतले १२ जण ज्युरीच्या खुर्च्यांत आणि ६ जण त्यांच्या पुढ्यात बसतात. याला इथे 'सिक्स पॅक' म्हणतात. मग न्यायाधीश आणि दोन्हीकडचे वकील त्यांना प्रश्न विचारतात. निःपक्ष राहू शकणार नाही असं जो स्वतःच्याच तोंडाने कबूल करतो त्याला कारण देऊन काढता येतं, त्याला संख्येची मर्यादा नाही. शिवाय गंभीर गुन्ह्याच्या साध्या खटल्यात प्रत्येक बाजूला १० जण कारण न सांगता काढता येतात.

'कारण न सांगता' हे आता नावापुरतंच उरलंय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या बॅट्सन निकालापासून वंशावरून कुणाला काढता येत नाही, १९९४ पासून स्त्री-पुरुष म्हणूनही नाही. कॅलिफोर्नियाने तर २०२२ पासून फौजदारी खटल्यांसाठी आणखी कडक कायदा लागू केला. समोरच्याने हरकत घेतली की कारण सांगावंच लागतं, आणि 'पोलिसांवर विश्वास नाही', 'इंग्रजी मातृभाषा नाही', 'अमुक वस्तीत राहतो', 'कपडे कसे होते' ही कारणं मुळातच संशयास्पद धरली जातात. हा नियम दोन्ही बाजूंना आहे, आम्हालाही.

माझं काम म्हणजे एका फोल्डरवर १८ चौकोन आखायचे आणि प्रत्येकात पिवळी चिठ्ठी लावून तो माणूस काय बोलतो ते टिपायचं. कुणी उठून गेला की त्याची चिठ्ठी काढायची आणि नव्या माणसाची लावायची.

गेल्या महिन्यातल्या खटल्यात सोळाव्या खुर्चीवर एक मराठी आडनाव आलं. (संपादन: काउंटी, खटल्याचा प्रकार आणि त्या गृहस्थांचा व्यवसाय काढला आहे. कारण प्रतिसादांत.) जेवणाच्या सुट्टीत माझ्या वरिष्ठ वकीलबाईंनी विचारलं, "हे तुमच्याकडचे ना? काय वाटतं तुला?" बाई सज्जन आहेत, त्यांनी सहज विचारलं. आणि मी एका दमात सांगून मोकळी झाले: आडनाव कुठल्या भागातलं, बहुधा कुठल्या जातीचं, घरात वातावरण कसं असेल, आणि 'असे लोक पोलिसांचं म्हणणं सहसा खरं धरतात'. बाईंनी त्यातले तीन शब्द चिठ्ठीवर उतरवले.

त्या गृहस्थांनी तोवर फक्त नाव, काम आणि 'बायको शिक्षिका आहे' एवढंच सांगितलं होतं. त्यांच्यापर्यंत पाळी आलीच नाही. त्याआधीच १२ जण ठरले, शपथा झाल्या आणि ते घरी गेले. म्हणजे कुणाचं काही बिघडलं नाही. खटलाही संपला, निकाल लागला.

पण आता सगळ्या चिठ्ठ्या स्कॅन करून फायलीत लावायचं काम माझ्याकडेच आलंय. ती चिठ्ठी समोर आहे. अक्षर बाईंचं, शब्द माझे.

लहानपणापासून कुणी आडनाव सांगितलं की आपल्या डोक्यात पुढचं सगळं आपोआप उलगडतं, 'म्हणजे कुठले?' हे विचारायच्या आधीच. घरी कुणी मुद्दाम शिकवलं नाही, तरी येतं. इथे मात्र ते कोर्टाच्या कागदावर आलं.

प्रश्न असे:
१. ती चिठ्ठी जशीच्या तशी स्कॅन करू की बाईंशी आधी बोलू? बोलायचं तर कसं? त्या माझं शिफारसपत्र लिहिणार आहेत.
२. पुढचा खटला दोन आठवड्यांत आहे. पुन्हा असं विचारलं तर काय उत्तर द्यावं?
३. ज्युरीतल्या लोकांची लिंक्डइनवरची पानं बघायला सांगितलंय. आपण बघितलं हे त्यांना कळतं. चालतं का?
४. (किरकोळ) १८ जण भराभर बोलतात, टिपणं कशी घेता?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १
इकडे न्यू जर्सीत दोन वर्षांपूर्वी मी ज्युरीत बसलोय. प्रश्न विचारणाऱ्या वकिलांकडे आम्ही बघतच नव्हतो, मागे बसून खाली मान घालून लिहिणाऱ्या मुलीकडे बघत होतो. आपल्याबद्दल काय लिहितेय कोण जाणे! एवढं लक्षात ठेव. बाकी कायदा मला कळत नाही.

प्रतिसाद २
मी २० वर्षं तिकडे फौजदारी वकिली करून आता पुण्यात आहे. दुसऱ्या राज्यात होतो, त्यामुळे स्थानिक नियम तुझ्या ऑफिसात विचारूनच घे.

आधी एक काम कर. काउंटी, खटला आणि त्या गृहस्थांचा व्यवसाय धाग्यातून आत्ताच्या आत्ता काढ. मराठी माणूस, त्या काउंटीत, त्या महिन्यात ज्युरीला गेलेला, असे कितीसे असतील? हा धागा वाचणाऱ्यांत ते स्वतःच असतील. खटला संपला म्हणून अशिलाची आणि ज्युरीची गुप्तता संपत नाही.

आता चिठ्ठी. फाडू नकोस. गाळूही नकोस. फॉस्टरचा खटला वाचला असशील. जॉर्जियात १९८७ मध्ये सरकारी वकिलांनी ज्युरीच्या यादीत कृष्णवर्णीयांची नावं हिरव्या रंगाने ठळक केली होती, शेजारी इंग्रजी 'बी' लिहिला होता. ते कागद बचाव पक्षाच्या हाती लागले २००६ मध्ये, माहिती मागवल्यावर, आणि सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला २०१६ मध्ये. तिथे लिहिणारे समोरच्या बाजूचे होते, इथे आपण आहोत, पण कागद कागदच असतो. उद्या कुणी फाइल मागितली आणि सोळाव्या खुर्चीची चिठ्ठी नाही असं निघालं, तर ते तीन शब्दांपेक्षा वाईट दिसेल.

बाईंशी बोल, आणि माफी मागत बसू नकोस. एवढंच म्हण: "त्या दिवशी मी जे सांगितलं त्याला त्या गृहस्थांच्या एकाही उत्तराचा आधार नव्हता. फायलीत तशी नोंद असावी असं मला वाटतं." चांगल्या वकिलाला हे ऐकून शिफारसपत्र लिहायला जास्त कारण मिळतं. नाही मिळालं तर तिथे पुढच्या उन्हाळ्यात जाऊ नकोस.

तुझ्या त्या कायद्याच्या यादीत वंश, वांशिक ओळख, मूळ देश, धर्म हे सगळं आहे, 'जात' हा शब्द नाही. जातीभेदाला नाव घेऊन बंदी घालणारं वेगळं विधेयक कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये मंजूर केलं होतं. राज्यपालांनी ते सही न करता परत पाठवलं, आधीच्या कायद्यांत हे येतंच असं म्हणून. म्हणजे तू जे बोललीस ते त्या कोर्टात फार थोड्यांना समजलं असतं. तुला समजलं, म्हणून जबाबदारी तुझी.

लिंक्डइन: नुसतं बघणं अमेरिकन बार असोसिएशनच्या (वकिलांच्या संघटनेच्या) २०१४ च्या मतानुसार चालतं, मैत्रीची विनंती पाठवणं अजिबात चालत नाही. आपोआप जाणाऱ्या सूचनेला ते संपर्क मानत नाहीत, पण न्यूयॉर्क शहराच्या बारने याबाबत कडक भूमिका घेतली होती. लॉग इन न करता जेवढं दिसतं तेवढंच बघ आणि बाईंकडून लेखी सूचना घे.

प्रतिसाद ३
आडनावाचा विषय निघाला म्हणून. १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात लोकमान्यांचा खटला चालला तेव्हा ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. लेख 'केसरी'तले, मराठीत, आणि ज्युरीपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरं. भाषांतरं चुकीची आहेत असं टिळक स्वतःच्या बचावात सांगत राहिले. निकाल ७ विरुद्ध २, शिक्षा सहा वर्षं काळं पाणी. कोण बसलंय यावरून निकाल आधीच सांगता येईल असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं. तुझ्या बाईंनी तुला विचारलं तो प्रश्न तोच आहे, फक्त आवाज गोड आहे.

प्रतिसाद ४
टिपणांसाठी: वाक्यं लिहू नकोस. प्रत्येकाचे शब्द अवतरणात, तुझं मत दुसऱ्या रंगाच्या शाईत. 'रागीट दिसतो' लिहायचा मोह झाला तर त्याने काय केलं ते लिही: हाताची घडी, दोनदा घड्याळ पाहिलं. मी कोर्ट रिपोर्टर आहे, म्हणजे कोर्टातलं बोलणं शब्दशः टिपणं हे माझं काम, मत लिहायची मला परवानगीच नाही, त्यामुळे सवय सोपी गेली.

धागाकर्तीचा प्रतिसाद
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद २, तपशील लगेच काढले. मला सुचलंच नव्हतं, थोडी घाबरले वाचून.

आज दुपारी बाईंशी बोलले. तुमचंच वाक्य जवळजवळ तसंच वापरलं. त्या एक मिनिट गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "प्रश्न मी विचारला होता." चिठ्ठी तशीच स्कॅन झाली. शेजारी त्यांच्या अक्षरात एक ओळ आणि तारीख आहे. शिफारसपत्राचा विषय ना त्यांनी काढला ना मी.

प्रतिसाद ३, ते मला माहीत नव्हतं. मी बाईंना सांगितलं, त्यांना 'टिळक' म्हणता येईना.

शेवटचं एक: त्या पिवळ्या चिठ्ठ्या दुपारपर्यंत सुटून खाली पडतात आणि कोण कुठल्या खुर्चीवर होतं ते कळत नाही. कुणाला काही युक्ती माहीत आहे का? सेलोटेप लावली तर चिठ्ठी बदलताना फोल्डर फाटतो.