घरातली एक वस्तू उचला आणि सांगा, ती आधी काय होती?

तर मंडळी, अनुभव धागा काढतेय. नियम एकच, हात पोचेल तिथली एक वस्तू घ्यायची आणि घरात यायच्या आधी ती कुठे होती, काय होती ते सांगायचं. "निसर्ग किती महान" वगैरे नको प्लीज, ते कॅलेंडरवर छापलेलं असतं. कोण काय भिजवतं, कुटतं, भाजतं ते लिहा. मीच सुरू करते. देवगडला आमच्या मागीलदारी हिराची वाढवण, म्हणजे झाडू, असते, पडलेल्या झावळ्या ओढून आणायच्या, सुरीने पात ओरबाडून हीर मोकळे करायचे आणि बुडाशी घट्ट आवळायचे, आई गप्पा मारता मारता करते. हीच ऑनलाइन 'इको फ्रेंडली' म्हणून विकतात, तो भाव ऐकून आई म्हणाली, एकीचा की डझनाचा?

वेंगुर्ल्याहून
दारातलं पायपुसणं, काथ्याचं. लोकांना वाटतं नारळ सोलला की काथ्या तयार. तसं नाय हो. सोडणं, म्हणजे नारळाची सालं, खाडीच्या कडेला पाण्यात नायतर चिखलात दाबून ठेवायची, वर दगड, आणि मग विसरून जायचं, चांगला पांढरा काथ्या हवा तर सहा महिने तरी, कधी दहा. त्या काळात पाण्यातले जीवाणू धाग्यांना धरून ठेवणारा चिकट भाग खाऊन टाकतात, धागा तेवढा राहतो. बाहेर काढल्यावर जो वास येतो तो लिहून सांगता येणार नाय, आमच्या आजीच्या लुगड्याला संध्याकाळपर्यंत असायचा. मग बायका दांडक्याने ते कुटणार, वाळवणार, पिंजणार, रहाटावर सुंभ वळणार. धाग्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, भरपूर, म्हणून खाऱ्या पाण्यातही तो लवकर कुजत नाय, होडीच्या दोराला उगाच नाय वापरत. पायपुसण्यावर 'वेलकम' लिहिलेलं असतं, कुटणारीचे हात कुणाला दिसतात? ज्यांनी आयुष्यभर कुटला त्यांच्या मनगटाला विचारा.

दापोलीहून
मी दोन वस्तू घेतो, नियम मोडतोय, चालवून घ्या. घराची चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत आणि चुलीवरचा अॅल्युमिनियमचा टोप. नातं काय? दोघं भावंडं! आपल्याकडचा काळा कातळ लाखो वर्षं पावसात भिजला, चुना-सिलिका वाहून गेले, लोखंड आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं. लोखंड गंजलं म्हणून जांभा लाल, आणि जिथे अॅल्युमिनियम जास्त साचलं तिथे बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज, आमच्या मंडणगड-दापोली भागात त्याच्या खाणी आहेत. साधारण 4 टन बॉक्साइटमधून 1 टन अॅल्युमिनियम निघतं आणि वीज प्रचंड लागते. चिऱ्याला तसलं काही नको, खाणीतून निघतो तेव्हा मऊ, उघड्यावर हवा लागून कडक होतो. टोपाला पोचा आला की भंगारात द्यायच्या आधी आता दोनदा बघतो एवढं खरं.

उरणहून
सगळे नारळ-चिरे लिहितायत, मी प्लॅस्टिकचा मग आणि सिलिंडर लिहिणार, रागावू नका. 1974 मध्ये मुंबईच्या समोर भर समुद्रात, मुंबई हायला तेल सापडलं, तिथला गॅस समुद्राखालच्या पाइपने आमच्या उरणला येतो आणि त्यातून एलपीजी वेगळा काढतात. ते तेल-गॅस म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी गाडले गेलेले बारीक जीव. प्लॅस्टिकही तेल-गॅसपासूनच बनतं, म्हणजे मगही समुद्रातलाच की! फरक एवढाच की त्याला बनायला कोट्यवधी वर्षं लागली आणि आम्ही तो एका दिवाळीत बदलतो.

सावंतवाडीहून
लाखकाम केलेलं लाटणं. लाख म्हणजे किड्याने अंगाभोवती केलेलं कवच, पळस, बोर, कुसुम असल्या झाडांचा रस पिऊन तो ती राळ सोडतो. लाकूड चरकावर, म्हणजे कातायच्या यंत्रावर, गरगर फिरत असतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, ब्रश नाही, डबा नाही. शेजारच्या काकांना सांगितलं तर म्हणाले, शी, किड्याचं लाटणं! काका रोज ज्या चकचकीत गोळ्या घेतात, त्यातल्या काहींवरही हीच लाख असते, ते मुद्दाम नाही सांगितलं.

संगमेश्वरहून
मुठेल. कोकमाच्या बियांचं तेल, थंडीत दगडासारखं घट्ट, टाचेला लावायचं. बस, एवढंच. बाकी क्रीम नको.

कुडाळहून
काजूची साल, म्हणजे बीचं बाहेरचं कडक टरफल! तिच्यातलं तेल हाताला लागलं तर कातडी जळते, म्हणून कारखान्यात बायका हाताला दुसरं साधं तेल नायतर राख लावून बसतात. सालीतलं तेच तेल गाड्यांच्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये जातं. घाट उतरताना आठवतं मला.

धागाकर्ती
मस्त चाललंय! मिठावर कोणीच नाही? शिरोड्याचं कोणी आहे का, 1930 चा सत्याग्रह झालेल्या गावाचं?

शिरोड्याहून
आसा ना, वाचत होतंय. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं. लिटरभर पाण्यात सगळे क्षार मिळून 35 ग्रॅम, म्हणजे बघा किती ऊन लागत असेल. मीठ धरलं की उरलेलं कडू पाणी सोडून द्यायचं, नायतर मीठही कडवट. अवकाळी पाऊस आला की मेहनत पाण्यात, तक्रार करायला कोणाकडे जाणार? जाडं मीठ लोणच्याला हवं असेल तर पावसाआधी या, पिशवी आपली आपण आणायची.