कुस्तीनंतर किकबॉक्सिंग: सुरुवात कोणत्या प्रकारापासून करावी?

अमळनेरकर
माझी १५ वर्षांची पुतणी लहानपणापासून गावच्या आखाड्यात कुस्तीचा सराव करीत आली आहे आणि आता तिला किकबॉक्सिंगच्या स्पर्धांत उतरायचे आहे. एका वर्गात चौकशी केली असता, पहिल्याच महिन्यात फुल कॉन्टॅक्टची (पूर्ण जोराने प्रहार चालणाऱ्या लढतीची) तयारी सुरू करू, असे सांगण्यात आले. डोक्याला मार लागेल या धास्तीने तिची आई तयार होत नाही. कुस्तीचा पाया येथे उपयोगी पडतो का आणि नवशिक्याने कोठून सुरुवात करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

धुळे_प्रशिक्षक
वहिनींची धास्ती अगदी रास्त आहे. पहिल्या महिन्यात फुल कॉन्टॅक्ट हा सल्ला मला मुळीच मान्य नाही.

‘वाको’ या किकबॉक्सिंगच्या जागतिक संघटनेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. तिच्या नियमांनुसार लढती मॅटवर किंवा रिंगमध्ये होतात. मॅटवरच्या पॉइंट फायटिंगमध्ये गुण मिळताच पंच लढत थांबवतात. लाइट कॉन्टॅक्टमध्ये लढत सलग चालते, परंतु प्रहाराचा जोर आवरलेला असावा लागतो आणि तो वारंवार वाढला तर ताकीद, गुणकपात आणि शेवटी बाद होण्यापर्यंत वेळ येते. किक लाइटमध्ये त्याच शिस्तीने मांडीवरही लाथ मारता येते. फुल कॉन्टॅक्ट, लो किक आणि के-वन हे रिंगमधले प्रकार असून त्यांत पूर्ण जोराने प्रहार करण्याची मुभा असते. आपल्या पुतणीने पॉइंट फायटिंग किंवा लाइट कॉन्टॅक्टपासून सुरुवात करावी, कारण अंतराचा अंदाज आणि जोरावरचा ताबा तेथेच अंगवळणी पडतो.

चाळीसगावची_खेळाडू
दादांच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. मी स्वतः कुस्तीतून आले असल्याने थोडी भर घालते.

दम, कंबरेची ताकद आणि तोल यांचा मोठा फायदा होतो. मात्र पैलवान सवयीने डोके पुढे काढून वाकतो आणि हात खाली ठेवतो. येथे त्याच डोक्यावर लाथ बसते. त्यामुळे हनुवटी आत, मुठी गालांजवळ आणि पाठ ताठ, ही उभे राहण्याची पद्धत आधी पक्की करावी लागते. राउंड किक (बाजूने फिरवून मारायची लाथ) मारताना ज्या पायावर आपण उभे असतो त्याची टाच वर उचलून पंजावर वळवावी, म्हणजे टाच समोरच्याकडे येते आणि कंबर मोकळी फिरते. तो पाय जमिनीला चिकटून राहिला तर सगळा पीळ गुडघ्यात जातो, आणि नवशिक्यांचे गुडघे बहुधा यामुळेच दुखावतात.

दोरीउड्या, आरशासमोर शॅडो (हवेत ठोसे-लाथा मारण्याचा सराव), मग पॅड आणि बॅग, असा क्रम ठेवावा. बॅगवर हात टाकण्यापूर्वी मनगट आणि बोटांच्या सांध्यांवर पट्टी बांधलीच पाहिजे. स्पारिंग (जोडीदाराबरोबरची सरावाची लढत) काही महिन्यांनी सुरू करावे, तेही प्रथम केवळ जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि समोरची लाथ एवढ्यापुरते.

अमळनेरकर
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. वजनगटात बसण्यासाठी स्वेटर घालून धावावे, असे तिला कोणी तरी सांगितले आहे. ते योग्य आहे का?

धुळे_प्रशिक्षक
कृपया तिला असे करू देऊ नका. घामाने घटते ते अंगातले पाणी, चरबी नव्हे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांकडे जात असताना असे धावणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण आहे. वाढत्या वयातल्या मुलीने आजच्या स्वाभाविक वजनाच्या गटातच खेळावे, सराव पहाटे किंवा दिवस मावळल्यावर करावा आणि मध्ये मध्ये पाणी प्यावे.

प्रवेश घेण्यापूर्वी वहिनींना घेऊन त्या वर्गातले एक स्पारिंग पाहून या. हेडगार्ड, दातांचे गार्ड आणि नडगीवरचे शिनगार्ड यांशिवाय मुले उभी राहत असतील, किंवा नवख्या मुलीसमोर जुना, वजनदार खेळाडू दिला जात असेल, तर तेथे पैसे भरू नका.